वाट पुसणे

चौदा वर्षे वापरलेली आमची मोटार काढून नवी घेण्याचे ठरले, तेव्हा चेन्नईतल्या एका विक्रेत्याच्या दालनात आम्हा उभयतांपुढे एक छापील तक्ता ठेवण्यात आला. गाडीचा रंग, आसनांचे कापड, मागच्या काचेचा वायपर अशा अनेक बाबींपुढे चौकटी होत्या आणि हव्या त्या चौकटीत खूण करायची होती. त्यांपैकी एक बाब नॅव्हिगेशनची, म्हणजे मार्गदर्शक यंत्रणेची होती. उपग्रहांच्या संकेतांवरून गाडीचे स्थान ओळखून पडद्यावर नकाशा दाखवणारी, वळणावळणाला तोंडी सूचना देणारी आणि कारखान्यातच गाडीच्या अंगात बसवून येणारी ही यंत्रणा. विक्रेता तरुण आणि अदबशीर होता. ही यंत्रणा कारखान्याकडून मागाहून बसवून मिळणार नाही, काय ते आत्ताच ठरवावे लागेल, असे त्याने सांगितले. पत्नीने खूण करण्यासाठी पेन उचलले आणि मी म्हणालो, ''थांब, जरा विचार करू.''

एवढ्याशा खुणेपाशी विचार तो कसला करायचा, असे कोणालाही वाटेल. खिशातला मोबाइल हेच काम करतो, तेव्हा वेगळी यंत्रणा कशाला, हा हिशेबाचा प्रश्न झाला आणि तो हिशेबानेच सुटतो. गाडीतली यंत्रणा नकाशा स्वतःजवळ बाळगते, त्यामुळे मोबाइलचे जाळे बंद पडले तरी ती बोलत राहते. उलट तो नकाशा वेळोवेळी नवा करून घेतला नाही, तर मेट्रोच्या कामासाठी वळवलेल्या रस्त्यावर ती जुन्याच वाटेचा आग्रह धरते. या गोष्टी मला ठाऊक होत्या. पण माझे 'थांब' हिशेबातून आलेले नव्हते आणि पत्नीचा आग्रहही केवळ सोयीचा नव्हता. गेल्या पावसाळ्यात मैलापूरहून नंगनल्लूरला घरी परतताना, ज्या रस्त्याने मी शेकडो वेळा आलो-गेलो आहे त्याच रस्त्यावरच्या एका चौकात, आता डावीकडे वळायचे की उजवीकडे, हे मला काही केल्या उमगेना. कडेला गाडी उभी करून मी बसून राहिलो. पाच-दहा मिनिटांनी सारे पुन्हा आपापल्या जागी आले. घरी पोचल्यावर मी ते सांगितले आणि त्यानंतर आमच्या घरात हा विषय सहज बोलण्याचा राहिला नाही. तेव्हा त्या तक्त्यावरची ती चौकट म्हणजे माझ्या स्मृतीविषयी विचारलेला एक सभ्य प्रश्नच होता. तो प्रश्न मला टाळायचा होता, हे मी आधीच कबूल करतो. कारण माणसाने मांडलेल्या तत्त्वांत त्याच्या अहंकाराचा वाटा किती, हे वाचकाला कळलेले बरे.

तरीही तो वाटा वगळल्यावर काही उरतेच. ते काय, हे शोधताना मला आपल्या भाषेतले एक क्रियापद आठवले. 'पुसणे' याचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक विचारणे, दुसरा मिटवून टाकणे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही दोन वेगळी क्रियापदे आहेत. एकाचे मूळ 'प्रच्छ्' या धातूत, दुसऱ्याचे 'प्रोञ्छ्'मध्ये. उच्चारांच्या प्रवाहात ती एकरूप झाली. जुन्या मराठीत वाट पुसणे म्हणजे वाट विचारणे, आणि काही बोलींत ते आजही ऐकू येते. प्रमाण भाषेत मात्र विचारण्याचा अर्थ मागे पडला आणि फळा पुसण्याचा अर्थ तेवढा उरला. यंत्राच्या सूचनेवरून चालवलेल्या गाडीच्या प्रवासाचेही असेच होत नाही ना, असे मला वाटू लागले. वाट कोणाला विचारावी लागत नाही, आणि घरी पोचल्यावर ती मनातून पुसली गेलेली असते. दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी जायचे तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

वाट विचारण्याला आपल्या विचारपरंपरेत फार मोठा मान आहे. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला एक दृष्टान्त सांगतो. एका माणसाला डोळे बांधून गांधार देशातून दूर आणून निर्जन जागी सोडून दिले आहे. तो दिशाहीन होऊन ओरडतो आहे. कोणी एक जण येतो, त्याची पट्टी सोडतो आणि गांधार या दिशेला आहे, तिकडे जा, एवढेच सांगतो. मग तो माणूस गावागावाला विचारत आपल्या देशी पोचतो. आचार्य लाभलेल्या माणसाला ज्ञान कसे होते, हे सांगण्यासाठी हा दृष्टान्त आलेला आहे. त्यात मला लक्षणीय वाटते ते असे, की पट्टी सोडणारा माणूस त्याला गांधारापर्यंत पोचवीत नाही. तो दोनच गोष्टी करतो : डोळे मोकळे करतो आणि दिशा दाखवतो. उरलेली वाट त्या माणसाने स्वतःच्या बुद्धीने आणि वाटेवरच्या माणसांना विचारत कापायची आहे. ज्ञानेश्वरांसारखा प्रज्ञावंतही गीतेवरील आपल्या भाष्याच्या अखेरीस, आपण पूर्वीच्या भाष्यकारांना मार्ग विचारत विचारत इथवर आलो, असे सांगतो, तेव्हा त्यात केवळ विनय नसतो. ज्ञान ही विचारत जाण्याची गोष्ट आहे, हा त्यामागचा सिद्धान्त असतो.

नैयायिकांनी याच गोष्टीला प्रमाणशास्त्रात जागा दिली. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला त्यांनी शब्द हे चौथे प्रमाण मानले आणि शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश अशी त्याची व्याख्या केली. आप्त कोण, याचे वात्स्यायनाने दिलेले उत्तर मनन करण्याजोगे आहे. ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असेही म्हणतो, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. म्हणजे नाक्यावरचा रिक्षावाला त्या रस्त्यापुरता आप्त ठरतो. त्याच्या सांगण्यात दोन गोष्टी असतात : ती वाट त्याच्या पायाखालची असते आणि मी पोचावे अशी निदान क्षणभराची त्याची इच्छा असते. पडद्यामागून येणाऱ्या त्या अचूक, न थकणाऱ्या आवाजाजवळ या दोहोंपैकी एकही गोष्ट नाही. त्याने कोणतीही वाट पाहिलेली नाही आणि मी पोचलो काय, न पोचलो काय, त्याला सारखेच.

मी १९८६ साली नोकरीच्या निमित्ताने मद्रासला आलो. शहराचे नाव चेन्नई झाले ते पुढे १९९६ साली. तमिळ मला अक्षरशः येत नव्हती. जी थोडीफार शिकलो ती पुस्तकातून नव्हे, वाट विचारताना. 'नेरा पोंगा', म्हणजे सरळ जा, हे माझे पहिले तमिळ वाक्य. ज्या शब्दाचा उच्चार आम्ही मराठी माणसे आमच्या 'ळ'च्या आधाराने कसाबसा करतो तो 'वळी' हा वाटेसाठीचा शब्द एका फुलवालीने मला तीनदा म्हणायला लावला होता. विचारल्यावर हातातले काम टाकून चार पावले सोबत येणारी माणसे भेटली, तशीच ठाऊक नसताना ठामपणे भलतीकडे पाठवणारीही भेटली. परक्या शहरातला माझा प्रवेश या दोन्ही प्रकारच्या माणसांमधून झाला. विचारणारा माणूस आपले अज्ञान उघडे करतो, सांगणाऱ्याचा काही काळ ऋणी होतो आणि हे ऋण फेडता येत नसल्यामुळे पुढे कधीतरी दुसऱ्याला वाट सांगून ते उतरवतो. समाज म्हणून आपण ज्याला म्हणतो त्याचे किती तरी धागे असे न फिटणाऱ्या, किरकोळ ऋणांचे असतात.

शिवाय विचारताना जे कळते ते केवळ वाटेपुरते नसते. पश्चिम मांबलममध्ये लेक व्ह्यू रोड नावाचा रस्ता आहे. तिथे उभे राहून कोणत्याही दिशेला पाहिले तरी तलाव दिसत नाही. नुंगमबाक्कमपासून सैदापेटपर्यंत पसरलेला एक लांबलचक तलाव तिथे खरोखरच होता. इंग्रज त्याला लाँग टँक म्हणत. १९२०च्या दशकात तो बुजवून त्या जागेवर वसाहत उभी करण्यात आली आणि जस्टिस पक्षाचे नेते पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव तिला देण्यात आले. आज साड्यांच्या आणि दागिन्यांच्या खरेदीसाठी साऱ्या शहराची झुंबड उडते ते हे त्यागरायनगर. यंत्राच्या नकाशावर लेक व्ह्यू रोड बिनचूक दाखवलेला असतो. तलाव दाखवण्याचे त्याला कारणच नाही. पण पाण्याला नकाशा कळत नाही. ते आपल्या जुन्या जागी येते.

डिसेंबर २०१५मध्ये ते आले. त्या दिवसांत चेन्नईत असलेल्या कोणालाही ते वर्णन करून सांगावे लागणार नाही : अड्यार नदीला आलेला लोंढा, बंद पडलेला विमानतळ, वीज नाही आणि मोबाइल मुके झालेले. माझी मेहुणी वेलच्चेरीत एकटी राहत असे आणि तिला इन्सुलिन पोचवणे भाग होते. आमच्या घरापासून ते अंतर फार नाही. नेहमीच्या रस्त्याने मी निघालो. कोपऱ्यावर इस्त्रीची गाडी लावणारे एक वृद्ध गृहस्थ पावसात आडोशाला उभे होते. त्यांनी हात करून मला थांबवले आणि कुठे निघालात, असे विचारले. मग म्हणाले, ''तिकडून जाऊ नका. ते पूर्वीचं तळं आहे. माझ्या लहानपणी आम्ही तिथं पोहायचो. देवळामागून जा, ती जुनी वाट बांधावरची आहे.'' त्या रस्त्यात नंतर गळ्याइतके पाणी भरल्याचे कळले. बांधावरच्या वाटेने मी गुडघाभर पाण्यातून पोचलो. उपग्रह त्याही दिवशी आकाशात होते आणि त्यांचे संकेत पावसातही येतच होते. माझ्याजवळ ती यंत्रणा असती तर तिने मला सर्वांत जवळच्या रस्त्याने त्या तळ्यात नेले असते. रस्ता माहीत असणे आणि जमीन माहीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दिवशी कळले.

इतका सगळा युक्तिवाद मी विक्रेत्याच्या दालनात अर्थातच केला नाही. घरी आल्यावर केला, आणि तो मला स्वतःला चांगलाच पटलेला होता. पत्नीने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग ती म्हणाली, ''तुम्हाला विचारता येतं, म्हणून तुम्हाला विचारण्याचं कौतुक. रात्री नऊला अनोळखी भागात गाडी थांबवून, काच खाली करून मी कोणाला विचारायचं? विचारलं की समोरच्याला आधी हे कळतं, की मी इथली नाही, एकटी आहे आणि मला वाट ठाऊक नाही. तुमचं अज्ञान उघडं झालं तर तुम्ही ऋणी होता. माझं उघडं झालं तर मला भीती वाटते.''

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. उलट, ज्या परंपरेचा मी अभिमानाने दाखला देत होतो तिच्याच पोटातली एक हकीकत मला आठवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात १९०१ सालचा आपल्या बालपणीचा एक प्रवास सांगितला आहे. वडिलांच्या नोकरीच्या गावी जाण्यासाठी भाऊ आणि बहिणीचे मुलगे यांच्यासह ते मसूर स्थानकावर उतरले. पत्र वेळेवर न मिळाल्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. नीटनेटक्या कपड्यांतल्या त्या मुलांची स्टेशनमास्तरने आस्थेने चौकशी केली आणि ती महार आहेत असे कळताच त्याचा चेहरा पालटला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेरीस दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे या अटीवर. रात्री जकात नाक्यावर पिण्याचे पाणी मागताना आपण मुसलमान आहोत असे सांगण्याची पाळी त्या मुलांवर आली, आणि तरीही पाणी मिळाले नाही. वाटेवर विचारायला माणसे नव्हती असे नाही. पण विचारणाऱ्याला आधी 'तू कोण' याचे उत्तर द्यावे लागत होते, आणि खरे उत्तर दिले की वाट बंद होत होती. गावागावाला विचारत गांधारला पोचलेल्या त्या माणसाला एकाही गावाने त्याची जात विचारली नसावी. मी ज्या घरात जन्मलो त्या घरातल्या माणसालाही कोणत्याच गावाने ती अडवण्यासाठी विचारली नव्हती. वाट विचारण्यातला जो आनंद मी मानवी संबंधांच्या खात्यावर मांडत होतो त्यातला बराचसा माझ्या जन्माच्या आणि पुरुषपणाच्या खात्यावर मांडायला हवा होता.

उपग्रह जात विचारत नाही आणि रात्री नऊला एकटीने बाहेर का पडलीस असेही विचारत नाही. यंत्राच्या ज्या उदासीनतेचा मी दोष म्हणून उल्लेख केला, तीच उदासीनता इथे न्यायासारखी भासते. पण ती सर्वस्वी न्याय्य आहे असेही म्हणता येत नाही, कारण या यंत्रामागे माणसेच आहेत आणि सत्ताही आहे. हे समजून घेण्यासाठी मला फार लांब जावे लागत नाही. आमच्या गच्चीवरून सेंट थॉमस माउंटची टेकडी दिसते. एप्रिल १८०२मध्ये विल्यम लॅम्ब्टनने या टेकडीच्या पायथ्याजवळून दक्षिणेकडे सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा साखळीने मोजली, आणि तिच्यावर त्रिकोणांमागून त्रिकोण रचत साऱ्या हिंदुस्थानची मोजणी उभी राहिली. अर्ध्या टनाचे थिओडोलाइट माणसांनी खांद्यांवरून वाहून नेले. सरफोजी राजांच्या कारकिर्दीत, १८०८ साली, ज्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा मराठी शिलालेख आहे त्याच मंदिराच्या शिखरावर ते चढवत असताना दोर तुटून ते भिंतीवर आदळले; लॅम्ब्टनने कित्येक आठवडे खपून ते दुरुस्त केले. मोजणी करीत करीत तो उत्तरेकडे सरकत गेला आणि १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची निष्ठा असामान्य होती. पण ज्या कंपनीसाठी तो मोजत होता तिला ही भूमी जाणायची होती ती ताब्यात ठेवण्यासाठी.

आजच्या यंत्रणेची जातकुळी याहून निराळी नाही. निदान चार उपग्रहांकडून आलेल्या वेळेच्या संकेतांतला फरक मोजून गाडी आपली जागा ठरवते. घड्याळात एका सेकंदाच्या लक्षांशाइतकी चूक झाली तरी स्थानात सुमारे तीन किलोमीटरचा फरक पडावा, इतके हे गणित नाजूक आहे. मुळात ही व्यवस्था अमेरिकेने आपल्या सैन्यासाठी उभारली. १९८३ साली वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियाचे प्रवासी विमान पाडण्यात येऊन २६९ माणसे मेली, तेव्हा ती नागरी वापरासाठी खुली करण्याची घोषणा झाली. तरीही मे २०००पर्यंत नागरी संकेतांत मुद्दाम चूक मिसळली जात होती. वाट सांगणाऱ्याने जाणूनबुजून थोडी चुकीची वाट सांगायची, असा तो प्रकार होता. दुसऱ्याच्या मर्जीवरची वाट किती भरवशाची, हा प्रश्न भारतालाही पडला आणि २०१३ ते २०१६ या काळात आपण सात उपग्रहांची स्वतःची मालिका आकाशात नेली. तिला 'नाविक' असे नाव मिळाले. ते उपग्रह ज्या श्रीहरिकोट्याहून उडाले ते चेन्नईपासून उत्तरेला दोन-तीन तासांच्या अंतरावर आहे. व्यक्तीला परावलंबनाचा जो पेच पडतो तोच राष्ट्रालाही पडतो; फरक इतकाच, की राष्ट्र स्वतःचे उपग्रह सोडू शकते.

आणखी एका गोष्टीने मला अस्वस्थ केले. यंत्र जी वाट सांगते ती बहुधा सर्वांत कमी वेळाची असते. मुख्य रस्ता तुंबला की ते सगळ्यांनाच एका गल्लीतून जायला सांगते. आमच्या नंगनल्लूरच्या अरुंद गल्लीत, जिथे सकाळी दारापुढे कोलम काढले जातात आणि संध्याकाळी मुले खेळतात, तिथून अलीकडे अनोळखी गाड्या भरधाव जातात. त्या चालकांना गल्लीतून जाण्याची इच्छा नसते आणि आपण कोणाच्या अंगणातून जातो आहोत हेही त्यांना ठाऊक नसते. त्यांनी पाच मिनिटे वाचवलेली असतात. त्यांची किंमत गल्लीने दिलेली असते. गावातल्या माणसाला वाट विचारली असती तर तो कदाचित म्हणाला असता, इकडून रस्ता आहे, पण इकडून जाऊ नका. वाट सांगण्यात हा 'पण' फार मोलाचा असतो. तो उच्चारण्यासाठी त्या जागेविषयी ममत्व लागते आणि सांगितल्या वाटेची जबाबदारी आपल्यावर येते याची जाणीव लागते. रामेश्वराच्या यात्रेच्या मार्गावर तंजावरच्या मराठी राजांनी छत्रे उभारली, तेव्हा यात्रेकरूला वाट दाखवणे आणि त्याच्या पोटाची काळजी घेणे या गोष्टी वेगळ्या मानल्या गेल्या नव्हत्या. यंत्राची सूचना ऐकून गाडी तळ्यात गेली किंवा मुलाच्या अंगावर गेली, तर उत्तर मात्र चालकालाच द्यावे लागणार. आज्ञा त्याची नसते, दायित्व त्याचे असते.

राहता राहिला माझ्या स्मृतीचा प्रश्न. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूतला स्थळस्मृतीशी निगडित असा एक भाग इतरांपेक्षा मोठा आढळल्याचे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले. वाटा लक्षात ठेवण्याचा व्यायाम मेंदूला घडवतो, असे त्यावरून समजायला जागा आहे. मग ज्याची स्मृती क्षीण होऊ लागली आहे त्याने यंत्राचा आधार घ्यावा, की त्याच कारणासाठी तो टाळावा? साहित्याच्या अध्यापनात जन्म गेल्यामुळे हा पेच मला अपरिचित नव्हता. परीक्षेसाठी विद्यार्थी जी पुस्तके वापरतात त्यांना मराठीत आपण 'गाइड' म्हणतो, म्हणजे वाटाड्या. या वाटाड्याने असंख्य विद्यार्थ्यांना गुणांपर्यंत सुखरूप पोचवले आणि कवितेपासून दूर ठेवले. मी आयुष्यभर त्याचा निषेध केला. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्यांच्या घरात पुस्तक नव्हते, ज्यांना शिक्षकाच्या दारी जाऊन विचारण्याचा धीर नव्हता, अशा काही मुलांना त्या गाइडनेच प्रथम साहित्याच्या उंबरठ्यापर्यंत आणले. त्यांतली काही पुढे स्वतःच्या पायांनी आत गेली. काही उंबरठ्यावरूनच परतली. दोष गाइडचा किती आणि ज्यांच्या दारी जाण्याचा धीर त्यांना झाला नाही त्या आमच्यासारख्यांचा किती, हे मला आजही निश्चित सांगता येत नाही.

तेव्हा यंत्र हवे की नको, अशा रीतीने हा प्रश्न मांडणेच चुकीचे आहे, असे मला वाटू लागले. उद्दालकाच्या दृष्टान्तातच त्याची कसोटी आहे. मार्गदर्शक माझ्या डोळ्यांवरची पट्टी सोडतो, की पट्टी तशीच ठेवून मला हाताला धरून नेतो? एकच साधन दोन्ही करू शकते. या यंत्रणांत नकाशा दाखवण्याचे दोन प्रकार असतात. एका प्रकारात गाडीचे तोंड नेहमी वरच्या बाजूला राहते आणि गाडी वळली की सारे जग तिच्याभोवती फिरते. दुसऱ्यात उत्तर दिशा वर स्थिर असते आणि त्या स्थिर भूमीवर गाडी फिरते. पहिला प्रकार सोपा आहे. डावे ते डावे, उजवे ते उजवे. दुसऱ्यात प्रत्येक वळणावर आपण कुठे तोंड करून आहोत याचा विचार करावा लागतो. पण समुद्र पूर्वेला आहे, टेकडी मागे राहिली, नदी अजून यायची आहे, हे त्यातच कळते. पहिल्या प्रकारात जग माझ्यासाठी असते. दुसऱ्यात मी जगात असतो.

आम्ही त्या चौकटीत खूण केली. ती पत्नीच्या युक्तिवादामुळे केली, माझ्या नव्हे, आणि गाडी दोघांची असल्यामुळे ते योग्यच होते. रात्री ती एकटी चालवते तेव्हा तो आवाज तिच्यासोबत असतो. मी दिवसा चालवतो तेव्हा उत्तर वर ठेवतो, आवाज बंद करतो, निघण्याआधी सारी वाट एकदा पाहून घेतो आणि मग शक्यतो पडद्याकडे पाहत नाही. चुकलो तर थांबून कोणाला तरी विचारतो. तेही जमले नाही तर आवाज सुरू करायचा, असे मी पत्नीला वचन दिले आहे. आजवर तो दोनदा सुरू करावा लागला. दुसऱ्यांदा चौक तोच होता. तो आवाज मला 'डावीकडे वळा' असे म्हणाला आणि मी त्याचा ऋणी झालो. हे ऋण कोणाचे मानावे, हे मला अजून समजलेले नाही.

आमच्या गल्लीतल्या घरांचे जुने आणि नवे क्रमांक वेगवेगळे आहेत. त्यामुळे जेवणाचे डबे आणि सामान पोचवणाऱ्या मुलांना त्यांचे यंत्र देवळापर्यंत आणून सोडते आणि तिथे ती गोंधळून उभी राहतात. त्यांतली कित्येक ईशान्य भारतातून, बिहारमधून आलेली असतात. त्यांना तमिळ येत नाही. संध्याकाळी मी फाटकाशी उभा असतो तेव्हा ती मला विचारतात. मी त्यांना घर दाखवतो, आणि पावसाचे दिवस असले तर परतताना देवळामागच्या वाटेने जा, असेही सांगतो. इस्त्रीची गाडी लावणारे ते गृहस्थ आता हयात नाहीत. बांधावरची ती वाट या गल्लीत आता मला आणि आणखी दोघा-तिघांनाच ठाऊक आहे.